बोर ५८० फुटांवर थांबली, पोरगं थांबेना : पृथ्वीच्या पोटात आहे तरी काय?

पांदण (पुसद तालुका)

राजेहो, परवा वावरात बोर मारली. विहिरीनं पाडव्यालाच तळ दाखवला होता आणि यंदा दोन एकर हळद लावायची आहे, म्हणून हा खटाटोप. गाडी रात्री साडेनऊला आली, पहाटे चारपर्यंत गावाला झोप नाही. आमचं पोरगं आता नववीत गेलंय. ते वही-पेन घेऊन गाडीजवळच बसलं. दर रॉडला कोणत्या रंगाची भुकटी वर येते ते लिहीत होतं. वीस फुटांचा एक रॉड, असे एकोणतीस उतरले. वरचे पंचवीस फूट काळी माती आणि मुरूम, मग काळा पाषाण, एकशेचाळीसच्या आसपास गेरूसारखा लाल चिखल, मग मांजऱ्या, २१० ला एक इंच पाणी. त्यापुढे ५८० पर्यंत नुसता धुरळा. शेवटी गाडीवाला म्हणाला, "भाऊ, आता खाली पाताळच लागन, थांबू या."

पोरानं लगेच विचारलं, पाताळ किती रॉडवर आहे?

मी हसण्यावारी नेलं. पण सकाळी त्यानं भूगोलाचं पुस्तक समोर आणून ठेवलं. त्यात कापलेल्या अंड्यासारखी पृथ्वी, मधोमध पिवळा गोळा, खाली लिहिलंय 'आंतरगाभा, घनरूप, लोह व निकेल'. म्हणतो, "बाबा, आपल्या वावरात दोनशे फुटांवर काय लागन हे पानाड्यालेबी सांगता आलं नाई, गाडीवाल्यालेबी नाई. मग यायनं पाच हजार किलोमीटर खालचं चित्र रंग भरून कसं काढलं?"

माझ्याकडे उत्तर नाही. इथे जाणकार आहेत म्हणून धागा काढला. आणि हो, पानाड्यानं नारळ फिरवून तीन इंच सांगितलं होतं. तो विषय नको.

कापूसकोंड्या

काय बाप्पा, पान्यासाठी गाडी बोलावली अन् पाताळाचा सातबारा काढून रायले! पोट्टं हुशार हाय पन. त्याले म्हना पिवळा गोळा सापडला तं आधी तलाठ्याले सांगू नको.

(पानाड्याचा विषय नको म्हणता, पण आमच्या इथचा पानाड्या कडुनिंबाची काडी घेऊन...)

संपादक

पानाड्या, नारळ, काडी यांवरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. तिकडे काय भांडायचं ते भांडा.

गारगोटी

पांदणभाऊ, ती वही जपून ठेवा. आमच्याकडे एमएस्सीला आलेल्या मुलांनाही दर वीस फुटाला नोंद करायला सांगावं लागतं.

आधी त्या लाल चिखलाबद्दल. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आलेले लाव्ह्याचे थर. एक थर थंड झाला, त्यावर ऊनपाऊस होऊन माती धरली, मग पुढचा लाव्हा आला आणि ती माती भाजून लाल झाली. मांजऱ्या म्हणजे थराच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून झालेला भोकांचा दगड. पाणी बहुतेकदा तिथेच सापडतं. थोडक्यात, तुमच्या मुलानं वहीत दोन-तीन लाव्हे आणि त्यांच्या मधला काळ उतरवलाय.

आता पाताळ किती रॉडवर. पृथ्वीचा मध्य ६,३७१ किलोमीटर खाली. आतला घन गाभा सुरू होतो साधारण ५,१५० किलोमीटरवर. तुमच्या वीसफुटी रॉडनं मोजलं तर साडेआठ लाख रॉडांहून थोडं कमी. तुम्ही एकोणतीस टाकलेत.

दुसऱ्या तऱ्हेनं सांगते. पुसदहून नागपूरला निघालोय आणि नागपूर म्हणजे पृथ्वीचा मध्य, असं समजा. ५८० फूट म्हणजे घराच्या दारातून सहा-सात मीटर चाललो. चपला घातल्या आणि अजून गेटही उघडलं नाही.

माणसानं आजवर पाडलेलं सगळ्यात खोल भोक रशियात, नॉर्वेच्या सीमेजवळच्या कोला भागात. १९७० ला सुरू केलं, १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर गेले. तळाला १८० अंश सेल्सिअस निघालं, खडक पिठासारखा मऊ वागायला लागला आणि काम अडलं. म्हणजे तेही नागपूरच्या रस्त्यावर अर्धा किलोमीटरसुद्धा गेले नाहीत. आपल्याकडे कोयनेजवळ तीन किलोमीटरचं भोक पाडलंय. तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा पाषाण संपून खाली ग्रॅनाइट लागला.

तेव्हा गाभ्यापर्यंत परखी खुपसून नमुना काढणं होणार नाही. मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर रात्री लिहिते, आत्ता पेपर तपासायचे आहेत.

फक्त_पुरावा

म्हणजे कोणी पाहिलं नाही, कोणी आणलं नाही, नमुना नाही. तरी पुस्तकात छापून मोकळे. याला आमच्याकडे ऐकीव माहिती म्हणतात.

गारगोटी

ऐकीवच आहे हो! शब्द अगदी बरोबर वापरलात. सगळी माहिती ऐकूनच काढलेली आहे.

बाजारात मडकं घेताना तुम्ही काय करता? बोटानं टिचकी मारून आवाज ऐकता. तडा गेलेलं मडकं बद्द वाजतं. टरबूज घेताना थाप मारता. आत न पाहता पैसे मोजता आणि दहापैकी नऊ वेळा फसत नाही. पृथ्वीला टिचकी मारायचं काम भूकंप करतो आणि ऐकायला जगभर यंत्रं ठेवलेली आहेत.

भूकंपाच्या दोन लहरी महत्त्वाच्या. वणीहून कोळशाची मालगाडी सुटताना इंजिनाचा धक्का डब्याडब्यातून धडधडत मागे जातो ना, तशी पहिली. दाबत-ढकलत जाणारी. ही घन, द्रव कशातूनही जाते. तिला पी म्हणतात. दुसरी एस, गुराच्या दाव्याला झटका दिल्यावर त्यात जशी नागमोड धावते तशी. ही फक्त घन पदार्थातून जाते, कारण पाण्याला बाजूला सरकवलं तर ते ताणून परत येत नाही.

मोठ्या भूकंपानंतर पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला ठेवलेल्या यंत्रांवर एस लहर सरळ वाटेनं पोचतच नाही. मधे कुठेतरी ती अडते. म्हणजे मधे काहीतरी पातळ, द्रव आहे.

खडू_फळा (निवृत्त, वाशीम जिल्हा)

गारगोटीताई, यात आपल्या देशाचा वाटा आहे तो आधी सांगा. १२ जून १८९७ चा आसामचा भूकंप. त्याच्या युरोपातल्या नोंदी तपासून रिचर्ड ओल्डहॅम यांनी या लहरी वेगवेगळ्या असतात हे दाखवलं. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला होते. पुढे १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा आहे हे त्यांनीच मांडलं. गुटेनबर्ग यांनी त्याची खोली २,९०० किलोमीटर काढली, ती आजही जवळपास तीच धरतात. जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये तो गाभा पातळ असल्याचं दाखवून दिलं.

मी सदतीस वर्षं भूगोल शिकवला. आमच्या वेळी पृथ्वीच्या थरांची नावं 'सियाल, सिमा, निफे' अशी घोकून घेत असू. निफे म्हणजे निकेल आणि फेरम. पोरं परीक्षेत 'निफे'चं 'नफा' करून ठेवत. मात्र निकेल-लोखंड आहे हे कळलं कसं, असं मला सदतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारलं असतं तर मीही अडखळलो असतो.

किल्लारीच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३, आमच्या घराची फडताळातली भांडी खाली आली होती. आम्ही अंगणात उभे होतो तेवढ्या वेळात तीच लहर पृथ्वीच्या पोटातून पार पलीकडे चालली होती, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

गारगोटी

सर, आरपार जायला तिला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटांत आपली एसटी डेपोतून निघेल याची खात्री नसते.

पुढची गोष्ट माझ्या सगळ्यात आवडीची. १९२९ मध्ये न्यूझीलंडला मर्चिसन भागात मोठा भूकंप झाला. पातळ गाभ्यातून जाताना पी लहर वाकते, त्यामुळे पृथ्वीच्या पाठीवर एक पट्टा असा पडतो की तिथे ती पोचायला नको. सावलीच म्हणा. डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी पाहिलं की त्या सावलीतल्या यंत्रांवरही बारीकशी थरथर उमटलेली आहे. इतरांनी ती किरकोळ म्हणून सोडून दिली होती. लेमान यांनी वेळा मांडल्या, हिशेब केला आणि १९३६ मध्ये लिहिलं, की पातळ गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गोळा आहे आणि लहर त्याच्यावर आपटून इकडे येते. त्या लेखाचं शीर्षक फक्त एक अक्षर होतं, पी, आणि त्याच्या डोक्यावर एक छोटी रेघ. संगणक नव्हताच. भूकंपांच्या नोंदी पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहून त्या ओटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवत. बाई १०४ वर्षं जगल्या, १९९३ मध्ये गेल्या.

सांगायचं म्हणजे, हा आतला गोळा कोणी शोधायला गेलं नव्हतं. जिथे शांतता असायला हवी तिथे खुडबुड ऐकू आली, एवढंच.

कापूसकोंड्या

रातच्याले कोठीत खुडबुड आयकू आली तं आमी उंदीर म्हनतो अन् झोपतो. थ्या बाईनं पृथ्वीचा गाभा काढला. मानलं बा.

फक्त_पुरावा

लहर आपटते हे मान्य. तिथे काहीतरी आहे हेही मान्य. पण ते लोखंडच कशावरून? शिसं का नाही? दगडच का नाही?

पांदण

हेच माझं पोरगं विचारतंय. शेजारी बसून प्रतिसाद वाचतंय, आता ते टायपायला मागतंय.

गारगोटी

इथे कापसाच्या व्यापाऱ्याचं डोकं लावायचं. बोजा दिसतो एवढासा आणि काट्यावर भरतो दुप्पट, तर व्यापारी न उघडता सांगतो, आत धोंडा आहे किंवा पाणी मारलंय. पृथ्वीचं तसंच. १७९८ मध्ये कॅव्हेंडिश यांनी शिशाचे गोळे टांगून, त्यांचं आपापसातलं ओढणं मोजलं आणि त्यावरून पृथ्वीची सरासरी घनता काढली. ती पाण्याच्या साधारण साडेपाचपट येते. आपला काळा पाषाण पाण्याच्या जेमतेम तिप्पट, ग्रॅनाइट पावणेतीन. वरचं सगळं हलकं आणि सरासरी जड, म्हणजे आत काहीतरी भलतंच जड असलं पाहिजे. आतल्या गाभ्यासाठी हिशेब येतो पाण्याच्या तेरापट.

जड तर शिसंही असतं. पण एवढं शिसं आणायचं कुठून? सूर्याच्या प्रकाशात आणि उल्कांमध्ये जे पदार्थ सापडतात त्यात जड आणि मुबलक असं एकच आहे, लोखंड. काही उल्का तर जवळजवळ निव्वळ लोखंड आणि निकेलच्या असतात. त्या म्हणजे कधीकाळी फुटलेल्या लहान ग्रहगोलांचे गाभेच. पृथ्वी तरुणपणी वितळलेली असताना, तांदूळ रोळताना खडे तळाला बसतात तसं लोखंड मध्यावर जाऊन बसलं.

तिसरा पुरावा आवाजाचा. लोखंडावर गाभ्याइतका दाब दिला तर त्यातून लहर किती वेगानं जाईल हे काढता येतं. अमेरिकेच्या फ्रान्सिस बर्च यांनी १९५२ मध्ये हा मेळ घातला. जुळलं, पण अगदी बरोबर नाही. शुद्ध लोखंड थोडं जास्त जड निघतं. म्हणजे त्यात निकेल तर आहेच, शिवाय काहीतरी हलकंही मिसळलंय. सिलिकॉन, गंधक, ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन अशी नावं घेतात, आणि कुणाचा वाटा किती यावर आजही चांगली भांडणं आहेत. पुस्तकात 'लोह व निकेल' एवढंच छापतात, कारण तेवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे. बर्च स्वतः मिश्कील होते. त्यांनी त्याच लेखात तळटीप टाकली, की पृथ्वीच्या पोटाबद्दल बोलताना भाषेवरही दाब पडतो. तिथे कोणी 'नक्की' म्हणालं तर 'शंकास्पद' समजा आणि 'शुद्ध लोखंड' म्हणालं तर सगळ्याचं अनिश्चित मिश्रण समजा.

फक्त_पुरावा

हा बर्च माणूस आवडला.

मोहफूल (गडचिरोली)

मग आमच्या सुरजागडच्या डोंगरातलं लोखंड गाभ्यातून वर आलेलं आहे का? इथे बरेच जण तसंच समजतात.

गारगोटी

नाही. गाभ्यातलं लोखंड गाभ्यातच राहिलं. सुरजागडचं हेमॅटाइट म्हणजे वरच राहिलेल्या लोखंडाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन झालेलं. फार जुन्या काळी समुद्रात थराथरानं बसलेले लोहखडक, त्यांचं पुढे हे झालं. उलट लोखंड खाली जाताना सोबत सोनं, प्लॅटिनमही ओढून घेऊन गेलं. पृथ्वीचं बहुतेक सोनं गाभ्यात आहे.

कापूसकोंड्या

घ्या! मंजे सोनं गहान ठेवायची सवय पृथ्वीलेबी हाय. अन् सोडवून कोनी आनलं नाई.

भाता (आर्वी)

मी लोहारकीतला माणूस. वडलांपासून नेहाई-हातोडा. आता वेल्डिंगचं दुकान आहे. दोन गोष्टी पटत नाहीत.

एक. लोखंड पंधराशे अंशाच्या वर पाणी होतं. पुस्तकात गाभ्याचं तापमान पाच-सहा हजार अंश लिहितात. मग बाहेरचा गाभा पातळ आणि त्याहून गरम असलेला आतला घट्ट, हे उलटं कसं? ओतकाम करताना बाहेरून आत थिजत जातं. मधलं सगळ्यात शेवटी.

दोन. शाळेत सांगतात की पृथ्वीच्या पोटात लोखंड आहे म्हणून होकायंत्र चालतं. अहो, बंडीच्या चाकाची धाव लाल करून चुंबक लावून पाहा. चिकटत नाही. लालभडक लोखंडात चुंबकपणा राहतच नाही. मग तिथल्या पांढऱ्याफट लोखंडात कुठून येणार?

गारगोटी

भाता दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी उभी राहून टाळी वाजवली. कॉलेजात हा प्रश्न मुलांच्या तोंडून काढायला मला अर्धा तास लागतो. लोखंडाचा चुंबकपणा ७७० अंशाला जातो. तुम्ही तो भात्यावर रोज पाहता.

आधी पहिला. घरचा कुकर आठवा. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशाला उकळतं, कुकरमध्ये दाबामुळे एकशेवीसच्या आसपास. दाब वाढला की पदार्थ आपली अवस्था सोडायला जास्त उष्णता मागतो. आतल्या गाभ्यावर दाब आहे आपल्या हवेच्या ३३ ते ३६ लाख पट. तिथे लोखंड वितळायला किती तापमान लागेल? २०१३ मध्ये फ्रान्समध्ये ग्रेनोबलला हे करून पाहिलं. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये लोखंडाचा कण दाबला, लेसरनं तापवला, क्ष-किरणांनी तो कधी वितळतो ते पाहिलं. जिथवर दाब देता आला तिथवरचे आकडे घेऊन पुढचा हिशेब केला, तर आतल्या गाभ्याच्या काठावर सुमारे ६,००० अंश निघालं. सूर्याच्या पृष्ठभागाहून थोडं जास्तच.

मध्याकडे जाताना तापमान वाढतं खरं, पण दाबामुळे वितळण्याचं तापमान त्याहून भराभर वाढतं. म्हणून पृथ्वी थंड होताना थिजायला सुरुवात मध्यातून झाली. तुमच्या ओतकामाच्या अगदी उलट. आतला गाभा अजूनही वाढतोय, वर्षाला साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी.

यातच दुसऱ्याचं उत्तर आहे. पाक थिजताना साखरेचे खडे स्वच्छ होतात आणि काकवी बाजूला राहते, तसं लोखंड थिजताना हलके पदार्थ बरेचसे बाहेर टाकतं. ते बाहेरच्या पातळ लोखंडातून वर निघतात. थिजताना उष्णताही सुटते. त्यानं पातळ गाभा सतत ढवळला जातो, वर पृथ्वीच्या फिरण्यानं त्याला पीळ बसतो. वाहतं लोखंड म्हणजे वाहती तार. त्यात वीज फिरते आणि विजेतून चुंबकत्व तयार होतं. सायकलच्या डायनामोचा मोठा भाऊ. चुंबक म्हणून तिथे काही ठेवलेलं नाही, ते चालू राहिलं तरच आहे.

भाता

पटलं. विजेचं चुंबक रोज वापरतो, वायंडिंगवाला शेजारीच आहे. शाळेत असं का सांगत नाहीत?

खडू_फळा

कारण सांगणाऱ्यालाही 'निफे' एवढंच शिकवलेलं असतं. माझ्यावरच घेतो.

पण ताई, आतला गाभा घन आहे हे लेमान यांच्या आपटणाऱ्या लहरीवरून ठरत नाही. आपटायला नुसता वेगळा पदार्थही पुरेल.

गारगोटी

बरोबर पकडलंत सर. लेमान यांनीही घन असं म्हटलं नव्हतं. बर्च यांनी १९४० मध्ये दाबाखाली थिजलेलं लोखंड असं सुचवलं. पण घट्ट पुरावा यायला १९७१ उजाडलं. १९६४ च्या अलास्काच्या प्रचंड भूकंपानंतर पृथ्वी देवळातल्या घंटेसारखी कितीतरी वेळ वाजत राहिली होती. कानाला येणार नाही असा आवाज. एकेक हेलकावा मिनिटांचा, सगळ्यात संथ तर जवळपास ५४ मिनिटांचा. जेवोन्स्की आणि गिल्बर्ट यांनी त्या नादाचे सूर वेगळे काढले. मध्यभाग पातळ धरला तर सूर जुळेनात, घट्ट धरला तर जुळले.

घट्ट म्हणजे नेहाईसारखा टणटणीत नव्हे हं. एस लहर त्यातून तिथल्या दाबाच्या मानानं फार संथ जाते, सेकंदाला साडेतीन किलोमीटर. पी अकरा. वितळण्याच्या उंबरठ्यावरचा, जरा लेचापेचा घट्टपणा आहे.

आणि आत रवा आहे. सागाचा ओंडका रव्याच्या दिशेनं फटकन फाटतो, आडवा फाटत नाही, आवाजही त्याच्या लांबीतून जास्त वेगानं जातो. तसंच उत्तर-दक्षिण जाणारी लहर गाभ्यातून पूर्व-पश्चिम जाणारीपेक्षा सुमारे तीन टक्के लवकर पोचते. हे १९८० च्या दशकात लक्षात आलं. लोखंडाचे स्फटिक बऱ्याच अंशी एका दिशेनं लागलेले असावेत. पूर्व आणि पश्चिम अर्धगोलही एकसारखे नाहीत.

त्याच्याही आत अजून एक गोळा असावा असं २००२ मध्ये इशी आणि जेवोन्स्की यांनी म्हटलं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फाम आणि त्काल्चिच यांनी पृथ्वीच्या व्यासातून पाच-पाच वेळा इकडून तिकडे आपटलेल्या लहरी पकडल्या. त्यांच्या मते या सगळ्यात आतल्या भागाची त्रिज्या सुमारे ६५० किलोमीटर, आणि तिथला रवा वेगळ्या दिशेचा.

संत्रामंडी (वरूड)

माप काही डोळ्यांपुढे येईना म्हणून करून पाहिलं. आतल्या गाभ्याची त्रिज्या १,२२० किलोमीटर म्हणजे पृथ्वीच्या एकोणीस टक्के. सात सेंटिमीटरचं संत्रं घेतलं तर मधे सव्वा-दीड सेंटिमीटरचा गोळा, गावठी बोराएवढा. आकारमानात शंभरातला एक भागही नाही. तरी खरा गोळा चंद्राच्या सत्तर टक्के रुंदीचा आहे.

कापूसकोंड्या

५८० फूट बोर मारून शेवटी बोरच हाती लागलं मना.

फक्त_पुरावा

आता माझा शेवटचा. २०२३ मध्ये व्हॉट्सअॅपवर आलं होतं की पृथ्वीचा गाभा फिरायचा थांबला, प्रलय येणार. आमच्या गावात एकानं त्यावर सप्ताह बसवायची वर्गणी काढली. ते काय होतं?

गारगोटी

बातमी खरी होती, मथळा खोटा. आतला गाभा पातळ लोखंडात तरंगतोय, त्यामुळे त्याला बाकीच्या पृथ्वीहून थोडं पुढेमागे फिरता येतं. १९९६ मध्ये सोंग आणि रिचर्ड्स म्हणाले की तो किंचित पुढे धावतोय. एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारे जुळे भूकंप घेऊन, त्यांच्या लहरी काही वर्षांनी जरा वेगळ्या का येतात हे पाहून. मग २०२३ मध्ये यांग आणि सोंग यांनी मांडलं की २००९ च्या सुमारास ते पुढे धावणं थांबलं. २०२४ मध्ये दुसऱ्या गटानं सांगितलं की तो आता किंचित मागे पडतोय.

खडू_फळा

खळ्यावर मेढीभोवती पात फिरताना आतला बैल आणि बाहेरचा बैल. आतला जरा पुढे गेला, मग बरोबरीला आला. याला बैल थांबला म्हणत नाहीत. पात चालूच आहे.

गारगोटी

सर, हे मी उद्या वर्गात वापरणार.

फक्त_पुरावा

वर्गणीचे एकशे एक रुपये गेले माझे. असो.

पांदण

सगळ्यांचे आभार. पोरानं तुमचे प्रतिसाद त्याच वहीत, रॉडच्या यादीखाली उतरवून घेतले. १० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोलीचा धक्का बसला तेव्हा आमच्या घरचे पत्रे वाजले होते, त्याची तारीखही शोधून लिहिली. आज माठ आणायला गेलो तर दुकानात एकेक माठ वाजवत अर्धा तास काढला. दुकानदार वैतागला.

२१० च्या झऱ्यावर उद्या मोटर सोडतोय. केसिंग चाळीस फूट टाकलंय, पुरेल का तेही सांगा. आणि पोराचा एक प्रश्न राहिला. आतल्या गाभ्यावर उभं राहिलं, जळायचं सोडून द्या, तर वजन जास्त भरेल की कमी?

गारगोटी

कमी. तिथून वरचं सगळं चारी बाजूंनी सारखंच ओढतं म्हणून त्याची ओढ फिटून जाते, उरते फक्त पायाखालच्या गोळ्याची. आतल्या गाभ्याच्या काठावर गुरुत्व इथल्या निम्म्याहूनही कमी आहे. डीएपीचं पन्नास किलोचं पोतं साडेबावीस किलोच्या आसपास भरेल. अगदी मध्यावर शून्य.

केसिंग मुरूम संपून पाषाणात चांगलं दहा-पंधरा फूट रुतलेलं हवं. मुरूम पंचवीसला संपलाय, म्हणजे चाळीस ठीक आहे.

कापूसकोंड्या

साडेबावीस? मंग कापूस तिथं नका नेऊ राजेहो. इथंच काटा मारतेत.

भाता

कोंड्याभाऊ, पारड्याचा तराजू नेला तर फरक पडत नाही. माप आणि माल दोन्ही सारखेच हलके होतील. स्प्रिंगचा काटा नेला तर साडेबावीस.

पांदण

पोरगं म्हणतंय, पारड्याचाच न्यायचा.